वाचणारीचे डोळे

श्री

खोलवाडी, रहिमतपूरजवळ
ता. ९ फेब्रुवारी १९४४

तीर्थरूप गं. भा. मनुआत्यास,
अंजनाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं संक्रांतीचं पत्र आणि तिळगूळ पोचला. उत्तराला उशीर झाला त्याबद्दल रागावू नये. लिहायला बसते आणि कागद फाडते, असं चाललं होतं. आज फाडायचा नाही असं ठरवूनच बसले आहे.

तुम्हाला ठाऊक आहेच, वाडीत जवळजवळ प्रत्येक घरचा माणूस लढाईवर आहे आणि बायकांत वाचता येणारी मी एकटी. मास्तर आहेत, पण नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं मास्तरांच्या तोंडून ऐकायची बायकांना लाज वाटते. म्हणून टपाल आलं की पत्रं आमच्या ओसरीवर येतात. वाचताना माझे डोळे भरतात हेही सगळ्यांना ठाऊक. कुणी लिहिलं, बैलाच्या शिंगांना तेल लावा, तरी मला रडू येतं. बायका चिडवायच्या की अंजनाच्या डोळ्यांवर मोट बसवा, उसाला पाणी कमी पडायचं नाही. मीही हसायची.

गेल्या बाजारी शेजारच्या धोंडुबाईंच्या मुलाचं, बाळासोचं पत्र आलं. त्याची बायको भामाबाई माझ्याच वयाची. ती दाराआड उभी होती. मी वाचायला लागले. वडील माणसांना नमस्कार, भामाला आशीर्वाद, मी सध्या इस्पितळात आहे. एवढं मोठ्यानं वाचलं आणि माझी नजर नेहमीसारखी पुढे पळाली. पुढे त्यानं लिहिलं होतं की शेजारच्या खाटेवर विट्याकडचा एक पोरगा होता, तो फार वाईट जखमी होता आणि आईला हाका मारत होता. शेवटी बाळासोनं आपल्याच राकट आवाजात उत्तर दिलं, व्हय बाळा, मी हाय हितंच. मग तो झोपला. सकाळी खाट रिकामी होती. त्याखाली लिहिलं होतं की माझा पाय आता बरा आहे, काळजी करू नये.

आत्या, माझा घसा बंद झाला. रडू आलं की माझा आवाज जातो, हे तुम्हाला माहीत आहे. धोंडुबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि बाळ्या गेला म्हणून किंकाळी फोडली. बायका धावल्या. भामाबाईला उंबऱ्याशी ओढून तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी पत्र हलवत होते, मान हलवत होते. त्यांना वाटलं, मी शोक करते आहे. मास्तर येऊन पत्र पुरं वाचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

आता सासूबाईंनी ठरवलं आहे की मी भैरोबाच्या देवळात धोंडुबाईंसमोर नाक घासायचं आणि फाल्गुनी अवसेला वडूजच्या वाटेवरच्या देवऋषीकडे जाऊन मिरचीची धुरी घ्यायची. म्हणजे अंगात जे रडतं आहे ते निघेल. नाही म्हटलं तर तुमच्याकडे सांगलीला कायमची पोचवणार. यांना तिकडे लढाईवर यातलं काही ठाऊक नाही.

चूक माझीच आहे. एका सवाष्णीच्या बांगड्या माझ्यामुळे फुटल्या. एक गोष्ट मात्र मनात येते, ती लिहिते आणि लगेच क्षमा मागते. माझं वाचून तर पुरं झालं नव्हतं. कुणी थांबलं का नाही?

रडू कसं थांबवायचं ते कळवावं. तुम्ही मला अक्षर शिकवलंत, हेही शिकवा.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.

आपली
अंजना

---

श्री

सांगली
ता. १५ फेब्रुवारी १९४४

चि. सौ. अंजनास मनुआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भाकरी करता करता वाचलं. तव्यावरची करपली आणि परातीतल्या पिठाला मी एवढ्या जोरात थापट्या मारल्या की खानावळीतल्या पोरांनी विचारलं, आज कुणाशी भांडण. मी म्हटलं, अख्ख्या खोलवाडीशी.

बांगड्या फोडल्या त्या बायकांनी आणि नाक तू घासायचं? दगडानं काचा फोडणारे ते हात काय तुझे होते? जिवंत माणसाला चुकून मेला म्हटलं तर त्याचं आयुष्य वाढतं असं हीच मंडळी सांगतात ना? मग धोंडुबाईनं तुला लुगडं नेसवून ओटी भरायला हवी. तुझ्या सासूला, हरणाबाईला, माझा नमस्कार सांग आणि सांग की मिरच्या महाग झाल्यात, भाजीत घालाव्यात.

क्षमा मागितलीस त्याचा तर मला फार संताप आला. कुणी थांबलं का नाही, हा पुऱ्या पत्रातला एकच शहाणा प्रश्न, आणि त्याच्यापुढे तू माफी मागतेस.

पण राग माझ्याकडे राहू दे. तुला तिथं दिवस काढायचे आहेत आणि जावई लढाईवर आहेत. ते येईपर्यंत तुझी जागा राहायला हवी. तेव्हा सांगते तसं कर. वाचताना ओळीखाली बोट ठेव, नजर बोटापुढे जाऊ देऊ नकोस. जीभ दातांत धर. रडू वर येतंसं वाटलं की इथली रॉकेलची रांग आठव. ती जाडी वाणीण डबा आपटत सगळ्यांच्या पुढे घुसते, तिचं तोंड डोळ्यांपुढे आण. अर्थाकडे जायचं नाही, नुसती अक्षरं वाचायची. मी असंच निभावलं आहे.

जेवत जा. तुला राग आला किंवा दुःख झालं की तू आधी जेवण टाकतेस, ते मला इथून दिसतं.

आठवण ठेवतेसच, ती पत्रातूनही दाखवीत जा.

तुझी
मनुआत्या

---

श्री

खोलवाडी
ता. ३ मार्च १९४४

तीर्थरूप मनुआत्यास,
अंजनाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमची युक्ती चांगली आहे. लागू पडली.

नाक घासलं. देवळाची जमीन नुकतीच सारवली होती, शेण नाकाला लागलं. धोंडुबाई म्हणाल्या, झालं एवढं पुरे. सासूबाई म्हणाल्या, अजून एकदा. मी जीभ दातांत धरली होती, त्यामुळे काही वाटलं नाही.

पत्रं वाचते. बोट सरकतं तसं तोंड सरकतं. बायका चिडवत नाहीत आता. पहिल्यासारख्या बसतही नाहीत, ऐकतात आणि उठतात.

मंगळवारी बनुबाईंच्या केरबाच्या सोबत्याचं पत्र आलं. बनुबाई म्हणजे ओढ्यापलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या, केरबा त्यांचा एकुलता. सोबत्यानं लिहिलं होतं की केरबा नदी ओलांडताना गेला, जाताना त्रास झाला नाही, त्याचं मफलर माझ्याकडे आहे ते घेऊन येईन. मी वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं, कुठं अडले नाही. वाणीण डबा आपटत होती.

वाचून झाल्यावर बनुबाई रडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजा लेक गेला, आन तू गुळाचा भाव सांगावा तसं वाचलंस?" माझ्या हातातून पत्र ओढून घेतलं आणि गेल्या. जाताना आमच्या उंबऱ्यावर थुंकल्या.

आत्या, मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. ते वाटत नाही म्हणून मी घाबरले आहे. परवा आमच्या म्हशीचं रेडकू मेलं, ज्याला मी हातानं पाजत होते. मी ते उचलून बाहेर ठेवलं आणि भांडी घासली. आमटीला चव लागत नाही. यांचं पत्र आलं, तेही बोट ठेवूनच वाचलं. काय लिहिलं होतं ते आठवत नाही, पुन्हा काढून बघावं लागेल.

सासूबाई म्हणतात, आधी रडणारं भूत होतं, आता मुकं बसलं आहे, हे जास्त वाईट. म्हणून अवसेची धुरी ठरलेलीच आहे. रडले तरी धुरी, न रडले तरी धुरी. हे लिहिताना मला हसू यायला हवं होतं.

काळजी करू नये. कृपा असू द्यावी.

आपली
अंजना

---

श्री

सांगली
ता. ८ मार्च १९४४

चि. सौ. अंजनास अनेक आशीर्वाद.

ती युक्ती आत्ताच्या आत्ता सोडून दे. मी रागानं लिहिते आहे आणि या वेळी राग माझ्यावर आहे.

मी असंच निभावलं, असं ऐटीत लिहिलं मी तुला. काय निभावलं ते ऐक. तुझे आतोबा गेले त्या दिवशी मी खानावळीतली दुपारची पंगत चुकवली नाही. लोक म्हणाले, बाई धीराची. तो शब्द मला फार आवडला. त्या शब्दासाठी मी पुढे कधी रडलेच नाही. आज इतकी वर्षं झाली, त्यांचा कोट ट्रंकेत आहे आणि ट्रंक उघडायची वेळ आली की मी शेजारणीला बोलावते. असला माझा धीर. तो मी तुला वाटून दिला.

तू आई गेल्यावर माझ्याकडे आलीस तेव्हा जेमतेम पाटीवर अक्षर गिरवत होतीस. मी भांडं खाली कसं ठेवते त्यावरून माझं डोकं दुखतंय हे तुला कळायचं. तू येऊन कपाळ चेपायचीस. घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगूनही कळत नव्हतं. गल्लीत कुणी गुरावर काठी उगारली की तू आत येऊन पाठ भिंतीला लावून बसायचीस. बायका म्हणायच्या, हिला दृष्ट लागली, अंगारा लावा. मी लावला नाही. तेव्हा मला जास्त अक्कल होती.

तुझ्या अंगात कुणी शिरलेलं नाही. तुझी कातडी पातळ आहे, जन्मापासून आहे, आणि ती जाड करायला गेलं की काय होतं ते आपण दोघींनी पाहिलं. पातळ कातडीच्या माणसाला मिरचीच्या धुरात बसवायचं म्हणजे डॉक्टरकी नव्हे, मारहाण आहे.

आणि त्या वाडीचं मला नवल वाटतं. नको तेव्हा रडलीस म्हणून नाक घासायला लावतात, हवं तेव्हा रडली नाहीस म्हणून थुंकतात. तुझं रडू म्हणजे काय गावची विहीर आहे, ज्यानं यावं त्यानं आपल्या सोयीनं पोहरा सोडावा?

इथलं दार उघडं आहे. त्यांनी हाकललं म्हणून मात्र येऊ नकोस. तुला यावंसं वाटलं तर ये.

मायेची माणसं कमी असतात, मला त्यांत धरून चाल.

तुझी
मनुआत्या

---

श्री

खोलवाडी
ता. १६ मार्च १९४४

तीर्थरूप मनुआत्यास,
अंजनाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचून काल संध्याकाळी गोठ्यात बसून रेडकासाठी रडले. उशीर झाला, पण रडले. मग यांचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात यांनी लिहिलं आहे की इकडे थंडी फार, तुझ्या हातच्या हुलग्याच्या माडग्याची आठवण येते. एवढंच. त्यालाही रडले आणि रात्री माडगं करून प्याले. चव लागली.

आज एक गोष्ट घडली ती सांगते. उसाच्या बांधावर मी वैरण काढत होते. भामाबाई आली. बांगड्यांच्या प्रकारानंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. नव्या बांगड्या भरल्या आहेत, पण मनगटावर जुन्या काचेचे ओरखडे अजून आहेत. मला वाटलं, ही आता शिव्या देणार, आणि मी मनात क्षमेची वाक्यं जुळवायला लागले.

तिनं पदराआडून बाळासोचं पत्र काढलं. म्हणाली, मास्तरांनी घाईघाईनं जिवंत आहे तेवढं सांगितलं आणि सासूनं पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. बाकीचं काय आहे ते मला कुणी सांगितलं नाही. तू कशाला रडली होतीस ते मला ऐकायचं आहे.

मी वाचलं. विट्याच्या पोरापाशी आले आणि पुन्हा घसा बंद झाला. या वेळी मी बोट ठेवलं नाही, जीभ चावली नाही. थांबले. भामाबाई खाली बसली आणि वाट बघत राहिली. तिनं घाई केली नाही. हळूहळू आवाज परत आला, आत्या. मला आजवर वाटत होतं की रडू आलं की आवाज जातो तो जातोच. तो परत येतो. त्याला थोडा वेळ लागतो, एवढंच. तो वेळ मला कुणी दिला नव्हता, आणि मीही कधी मागितला नव्हता.

ऐकून भामाबाई रडली. मग तिचा चेहरा असा झाला की मी मागे सरकले. म्हणाली, "माज्या नवऱ्यानं परक्याच्या लेकराची आई होऊन त्याला निजवलं. ही गोष्ट माजी हुती. ती ऐकायच्या आदी यांनी माजं हात फोडलं." तिचा राग माझ्यावर नव्हता. इतके दिवस मी सगळ्यांचा राग आपल्यावरच धरून चालले होते.

घरी येताना वैरणीचा भारा मी बांधावरच विसरून आले. नेहमीसारखी भीती आहे असं वाटलं. नंतर कळलं, भीती नव्हे. मला राग आला आहे. तुमच्या पत्रांतला राग मला नेहमी परका वाटायचा, हौसेचा. हा माझा आहे आणि सासूबाईंशी बोलताना तो तोंडावर येतो, मी गिळते. पाप तर नाही ना हे? तुम्ही हसाल. तरी विचारते.

अवस पुढच्या शुक्रवारी आहे. गाडी सांगून ठेवली आहे.

आशीर्वाद असावा, या वेळी थोडा जास्तच.

आपली
अंजना

---

(पोस्टकार्ड)

सांगली, ता. २० मार्च

चि. अंजनास आशीर्वाद. पाप नाही. हे कार्ड उघडं आहे, मास्तरांनी वाचलं तरी चालेल, वाचाच मास्तर. मी रहिमतपूरच्या गाडीत बसायला निघाले होते, स्टेशनावरून परत आले. मी आले तर भांडण माझं होईल. हे तुझं आहे. बोलावलंस तर मात्र पंगत टाकून येईन.

मनुआत्या

---

श्री

खोलवाडी
ता. २६ मार्च १९४४

तीर्थरूप मनुआत्यास,
अंजनाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप आहे. धुरी झाली नाही. आता सविस्तर लिहिते.

शुक्रवारी सकाळी गाडी जुंपून दारात आणली. सासूबाईंनी मिरच्या, लिंबं आणि पाटीखाली काळी कोंबडी अशी तयारी केली होती. धोंडुबाई सोबतीला आल्या होत्या. बघायला बायका जमल्या होत्या, भामाबाईही होती. मला चढ म्हणाल्या. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि मला रडू फुटलं.

सासूबाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, बघा, आलं अंगात.

मी थांबले, आत्या. आवाजाची वाट बघितली. सगळ्या बघत होत्या, तरी थांबले. मग रडत रडतच म्हणाले, "अंगात कुणी न्हाई आलेलं. राग आलाय मला. लय राग आलाय."

मग मला जे म्हणायचं होतं ते म्हटलं. मी अशीच आहे, लहानपणापासून आहे. दुसऱ्याचं दुखणं माझ्या डोळ्यांत आधी येतं आणि तोंडात मागून येतं. नाक घासलं ते एकदा घासलं, पुन्हा घासणार नाही. बांगड्या माझ्या रडण्यानं फुटल्या नाहीत, तुम्ही फोडल्यात, आणि भामाबाईची माफी अजून कुणी मागितलेली नाही. यापुढे पत्रं वाचीन, वाचताना रडीन. मी कागद घडी करून खाली ठेवीपर्यंत कुणी उठायचं नाही, ओरडायचं नाही, कुणाच्या हाताला हात लावायचा नाही. ज्याला हे चालत नसेल त्यानं पत्र मास्तरांकडे न्यावं.

धोंडुबाई म्हणाल्या, सून उलटली. सासूबाईंनी माझा दंड धरला. तेवढ्यात बायकांच्या मागून बनुबाई पुढे आल्या. त्या गाडीसमोर मातीत बसल्या, कनवटीचं पत्र काढलं आणि म्हणाल्या, "पयलं हे वाच. मग जा कुटं जायाचं ते."

सासूबाईंनी दंड सोडला. पोर गेलेल्या बाईला कोण नाही म्हणणार.

मी त्यांच्यासमोर बसले. केरबा नदी ओलांडताना गेला, इथं मला थांबावं लागलं. बनुबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तसाच ठेवला. त्रास झाला नाही, इथं पुन्हा थांबले. मफलरापाशी आले तेव्हा त्या रडायला लागल्या, पहिल्यांदाच. मी वाचायची थांबले. त्यांचं झाल्यावर पुढे वाचलं. सगळं मिळून अर्ध्या पानाचं पत्र, पण गाडीची सावली बैलांच्या पायांखाली गेली तरी कुणी जागचं हललं नाही. शेवटी घडी करून त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "आता कळलं मला, गेला त्यो." आणि उठून गेल्या. थुंकल्या नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

देवऋषी उन्हं चढली की कुणाला बसवून घेत नाही. गाडी सोडली, बैल पाण्यावर नेले. कोंबडी पाडव्याला अंगणात हिंडत होती. सासूबाईंचं मन बदललं असं समजू नये. त्या काल संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. भामाबाईची माफीही कुणी मागितलेली नाही. ते मी विसरलेले नाही आणि तीही नाही.

काल संध्याकाळी सासूबाईंनी बोलावलं आणि म्हणाल्या, पोराला पत्र लिहायचं आहे, घे कागद. माझ्याविरुद्धची तक्रार मीच लिहायची होती, कारण हे मास्तरांना सांगायची त्यांना लाज वाटते. मी लिहिली. तुझी बायको उलट बोलते, चारचौघांत राग आलाय म्हणाली, रडणं सोडत नाही, हिला ठेवू का सांगलीला धाडू ते कळव. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मध्ये त्या अडल्या तेव्हा मीच विचारलं की देवळात नाक घासायला लावलंत ते राहिलं का. ते सांगायला नको म्हणाल्या. मी म्हटलं, मग सगळं सांगितलं असं होणार नाही. मग त्यांनी तेही सांगितलं.

मग म्हणाल्या, वाचून दाखव. वाचताना मला रडू आलं. त्या म्हणाल्या, सोताच्याच कागाळीला रडतीस? मी म्हटलं, होय. थांबले, आवाज आला, पुढे वाचलं. खाली माझी एक ओळ घातली, त्यांना ऐकवून मगच घातली: वरचं सगळं खरं आहे, मी अशीच आहे. त्यांनी ती खोडायला सांगितली नाही. दिव्यात तेल कमी होतं, त्यांना झोपायचं होतं, पण मी घडी करून पाकीट चिकटवीपर्यंत त्या बसून राहिल्या.

उत्तर काय येईल ते मला ठाऊक नाही. भीती वाटते, ती वाटू दिली आहे. जे येईल ते मीच वाचीन, ओसरीवर, सगळ्यांसमोर, आणि शेवटची ओळ होईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागेल.

तुम्ही तिकडे ट्रंक उघडणार असाल तेव्हा शेजारणीला बोलावू नका. मला कळवा, मी येते. आपण दोघी बसू.

लोभ आहेच, त्याला माझ्याकडून मोजमाप नाही.

आपली
अंजना